प्रश्नांची देवाणघेवाण: ऑनलाइन जीके क्विझ कशी चालते आणि बरोबर उत्तर 'चूक' का ठरतं?

रात्री साडेनऊ वाजले की आमच्या टेलिग्राम ग्रुपवर एक प्रश्न येऊन पडतो. आधीच्या दिवशी ज्याने सगळ्यात आधी बरोबर उत्तर दिलं, त्याने आजचा प्रश्न टाकायचा, एवढाच नियम. बक्षीस काही नाही. ग्रुपमध्ये साठ-पासष्ट जण आहेत: कुणी बँकेत, कुणी पोस्टात, दोघी-तिघी स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, एक निवृत्त शिक्षक ज्यांना सगळेच 'सर' म्हणतात, आणि माझ्यासारखे चार-पाच आयटीवाले.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ग्रुप असेल, किंवा तुम्हाला सुरू करायचा असेल. वरवर पाहता यात टेक्नॉलॉजी काय आहे? प्रश्न टाइप करा, पाठवा, झालं. पण तीन वर्षं हा उद्योग केल्यावर सांगतो, गडबड तिथेच सुरू होते. प्रश्न एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातो, तिथून तिसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड होतो, आणि या प्रवासात तो कुठून आला, कधीचा आहे, कुणी तपासला, हे सगळं गळून पडतं. उरतं फक्त 'प्रश्न आणि उत्तर'. हे गळून पडू नये म्हणून काय करता येतं, ते या लेखात बघू.

आधी थोडा इतिहास

हा छंद स्मार्टफोनने जन्माला घातलेला नाही. भारतात खुली क्विझ स्पर्धा सुरू करण्याचं श्रेय नील ओब्रायन यांना देतात. १९६७ साली कलकत्त्यात त्यांनी ती घेतली. मग १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं आणि २००० साली 'कौन बनेगा करोडपती'ने चार पर्यायांचा प्रश्न घराघरात पोचवला. पहिला करोडपती झालेला हर्षवर्धन नवाथे मुंबईचाच.

इंटरनेटवर तर वेब यायच्या आधीपासून लोक प्रश्नांची अदलाबदल करत आले आहेत. युजनेट नावाची चर्चागटांची जुनी व्यवस्था होती, तिथे ट्रिव्हियासाठी वेगळा गट होता. उत्तर लगेच डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून युजनेटवर 'रॉट-तेरा' नावाची युक्ती वापरत. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. अक्षरं सव्वीस असल्यामुळे तेच पुन्हा एकदा केलं की मूळ मजकूर परत मिळतो. देवनागरीत हा हिशोब जमत नाही. आपल्याकडे काना-मात्रा, जोडाक्षरं यांचा पसारा वेगळाच, आणि पुढे दिसेल की अर्ध्या अडचणी त्या पसाऱ्यातूनच येतात.

कुठे खेळायचं?

टेलिग्राम, व्हॉट्सॲप आणि गुगल फॉर्म्स हे तीन पर्याय बहुतेकांना पुरतात.

टेलिग्रामने जानेवारी २०२० मध्ये पोलमध्ये 'क्विझ मोड' आणला. मेसेज लिहायच्या जागी जो पिनचा आयकॉन असतो त्यावर टॅप करा, पोल निवडा, क्विझ मोड चालू करा आणि बरोबर पर्यायावर खूण करा. सदस्याने एकदा उत्तर दिलं की बदलता येत नाही, आणि इतरांनी काय निवडलं ते त्याला उत्तर दिल्यावरच दिसतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'खुलासा' जोडायची सोय आली, म्हणजे उत्तर दिल्यावर दिव्याच्या चिन्हामागे एक छोटी टीप दिसते. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सर्वात कामाची आणि सर्वात कमी वापरली जाणारी सोय आहे. लोक तिथे 'छान!' असं लिहितात. तिथे स्रोत लिहा. एकामागून एक दहा-वीस प्रश्नांचा संच करायचा असेल तर टेलिग्रामचाच 'क्विझबॉट' आहे. तो वेळ लावतो आणि शेवटी गुणांची यादी देतो.

एक खाचखळगा मात्र आहे. बॉटमधून पोल पाठवताना प्रश्नाला ३००, प्रत्येक पर्यायाला १०० आणि खुलाशाला २०० अक्षरांची मर्यादा असते. आता तुम्ही म्हणाल, २०० अक्षरं भरपूर झाली. पण कॉम्प्युटरची 'अक्षरं' आपल्यासारखी नसतात. 'ज्ञानेश्वर' हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरी. युनिकोडच्या लेखी तो ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असा दहा जागा खातो. मराठीत २०० म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन छोटी वाक्यं. त्यामुळे 'अमुक पुस्तक, पान अमुक, तपासलं तमुक तारखेला' एवढंच लिहायची सवय लावून घ्या, बाकी गोष्ट खाली वेगळ्या मेसेजमध्ये सांगा.

व्हॉट्सॲपवर पोल नोव्हेंबर २०२२ पासून आहेत, बारापर्यंत पर्याय देता येतात. पण तो पोल मुळात मत मोजण्यासाठी बनवलेला आहे. 'रविवारी मिसळ की वडापाव' याला तो उत्तम. कोणी कुठल्या पर्यायावर टॅप केलं ते सगळ्यांना लगेच दिसतं, आणि मत बदलताही येतं. म्हणजे ग्रुपमधल्या हुशार माणसाने 'ब' निवडला की पुढचे दहा जण डोळे झाकून 'ब'. एकापेक्षा जास्त उत्तरांचं बटण बंद करायला विसरलात तर चारही पर्याय निवडणारे महाभागही भेटतात. व्हॉट्सॲपवरच खेळायचं असेल तर पोल टाळा आणि उत्तरं प्रश्न टाकणाऱ्याला खासगीत पाठवायला सांगा.

गुगल फॉर्म्स शाळा-कॉलेजच्या क्विझला बरा. टाइप करून द्यायच्या छोट्या उत्तराला तिथे एकापेक्षा जास्त बरोबर रूपं देऊन ठेवता येतात. ही सोय का लागते, तेच आता बघू.

सरांची अकरा उत्तरं

पर्यायांचे प्रश्न खेळून सगळे कंटाळले, तेव्हा मी एका शनिवारी बसून एक छोटा बॉट लिहिला. टेलिग्रामवर 'बॉटफादर'कडून परवानगीची किल्ली घ्यायची, मग आपला प्रोग्रॅम ग्रुपमध्ये सदस्यासारखा जोडता येतो. बॉटने प्रश्न टाकायचा, लोकांनी त्या मेसेजला रिप्लाय करून उत्तर टाइप करायचं, बॉटने आपल्याकडच्या उत्तराशी ताडून गुण द्यायचे. सोपं काम. दोन्ही मजकूर सारखे असतील तर बरोबर, नाहीतर चूक.

पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न होता: अष्टविनायकातलं मोरगाव आणि पुढे बारामती ज्या नदीच्या काठावर आहेत, तिचं नाव आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या शीर्षकात आहे, ते शीर्षक कोणतं? सरांनी अर्ध्या मिनिटात लिहिलं, 'कऱ्हेचे पाणी'. बॉट म्हणाला, चूक. पुढे दुसऱ्या कुणीतरी तेच लिहिलं आणि त्याला गुण मिळाले. सर काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांनी काहीतरी वेगळं लिहिलं असेल, कोण वर जाऊन बघतोय. मग 'वाऱ्यावरची वरात'. मग 'ॲल्युमिनियम'. दोन-तीन आठवड्यांत सरांनी उत्तर देणं जवळजवळ बंद केलं.

मी नोंदी उघडल्या त्या दुसऱ्याच कारणासाठी. बॉट मधूनच बंद पडत होता. तिथे दिसलं की सरांनी दिलेली अकरा उत्तरं चूक ठरली होती आणि अकराही डोळ्यांना बरोबर दिसत होती. एक उत्तर उचलून त्याची लांबी मोजली. 'कऱ्हेचे' या शब्दाची लांबी माझ्याकडे सात होती, सरांच्या मेसेजमध्ये आठ.

कारण असं. मराठीतला हा अर्धा, चंद्रकोरीसारखा र दोन-तीन प्रकारे साठवता येतो. एक पद्धत म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये यू+०९३१, आणि पुढे हलन्त. दुसरी पद्धत म्हणजे साधा 'र', मग हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य चिन्ह. त्याला रुंदीच नाही, ते स्क्रीनवर दिसत नाही, फक्त शेजारच्या अक्षरांनी कसं जुळायचं ते सांगतं. तिसरी पद्धत, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. कीबोर्ड कोणता, यावर यातलं काय उमटेल ते ठरतं. सर जुन्या कॉम्प्युटरवरून, सवयीच्या कीबोर्डने टाइप करायचे. आमच्या फोनचा कीबोर्ड वेगळा. स्क्रीनवर शब्द तंतोतंत सारखा, आत मजकूर वेगळा.

'ॲ'चीही तीच तऱ्हा. एक 'ॲ' हे सबंध अक्षर आहे, यू+०९७२. दुसरा प्रकार म्हणजे 'अ' लिहून त्यावर चंद्र ठेवायचा. आणि आकडे! कुणी देवनागरीत वर्ष लिहितं, कुणी इंग्रजी अंकांत. माणसाला काही फरक पडत नाही, बॉटला दोन्ही परकी.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. तुम्ही पायथन किंवा जावास्क्रिप्ट शिकत असाल तर 'युनिकोड नॉर्मलायझेशन' हा शब्द लक्षात ठेवा. त्याचा एनएफसी नावाचा प्रकार आहे (फोन टेकवून पैसे देतो त्या एनएफसीशी याचं काही नातं नाही). तो लावला की 'र आणि नुक्ता' याचा आपोआप 'ऱ' होतो. पण अदृश्य जॉइनरवाला प्रकार आणि 'अ'वरचा चंद्र हे दोन्ही एनएफसीच्या हिशोबी वेगळेच मजकूर आहेत, ते तो जोडून देत नाही. ते आपण हाताने बदलायचे. इथे क्रम महत्त्वाचा. मी पहिल्यांदा शहाणपणा करून सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकली, तर 'कऱ्हे'चं 'कर्हे' झालं, ह वर रफार. म्हणजे आणखी चूक. आधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं, 'अ'वरच्या चंद्राचा 'ॲ' करायचा, अंक एका लिपीत आणायचे, आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं आणि जादा स्पेस काढायच्या. हे आपल्याकडच्या उत्तरालाही करायचं आणि आलेल्या उत्तरालाही.

सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मला वाटलं माझंच वाचन जुनं झालं." मला काय बोलावं सुचेना. अकरा गुण त्यांच्या खात्यात टाकले आणि ग्रुपवर चूक माझ्या बॉटची होती हे लिहिलं.

मग शुद्धलेखनाचं काय?

'कऱ्हेचे पाणी' की 'कऱ्हेचं पाणी'? पुस्तकावर पहिलं आहे, बोलताना दुसरं येतं. 'कोल्हापूर' दीर्घ, पण घाईत ऱ्हस्व होतो. माणूस दोन्ही चालवून घेतो. बॉटला तसं शिकवायचं तर 'लेव्हेनश्टाइन अंतर' नावाची पद्धत आहे: एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर गुण द्यायचे.

मी तसं केलं आणि पुढच्याच रविवारी तोंडघशी पडलो. प्रश्न होता, राजधानी रायगडावर हलवण्याआधी शिवाजी महाराजांची राजधानी कोणत्या गडावर होती. उत्तर राजगड. एकाने 'रायगड' लिहिलं, जे प्रश्नातच दिलेलं होतं, आणि बॉटने त्याला पूर्ण गुण दिले. 'राजगड' आणि 'रायगड' यांत अंतर एकच! ग्रुपने माझी जी काही हजेरी घेतली ती अजून थांबलेली नाही. आता मी ही सवलत फक्त लांब उत्तरांना देतो. गडांची, माणसांची छोटी नावं आणि सालं अचूकच हवीत. बाकी प्रत्येक प्रश्नाला 'हेही चालेल' अशी उत्तरांची यादी प्रश्न बनवणाऱ्याकडूनच घेतो. यंत्रावर सोडण्यापेक्षा ते बरं पडतं.

प्रश्न घट्ट बांधा

आता प्रश्नांकडे. ग्रुपमध्ये भांडणं उत्तरावरून होतात, पण मूळ बहुतेक वेळा प्रश्नाच्या शब्दांत असतं.

'भारतातला पहिला चित्रपट कोणता?' हा प्रश्न घ्या. सगळे म्हणणार 'राजा हरिश्चंद्र', दादासाहेब फाळके, ३ मे १९१३. पण दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' त्याच्या आदल्या वर्षी, मे १९१२ मध्ये मुंबईत दाखवला गेला होता. ते एका नाटकाचं चित्रीकरण होतं आणि त्याची फिल्म लंडनला धुतली गेली, म्हणून बहुतेक जण पहिल्या चित्रपटाचा मान फाळक्यांना देतात. दोन्ही बाजूंना म्हणायला जागा आहे. मग प्रश्नच असा विचारा: 'भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून साधारणपणे कोणत्या चित्रपटाचं नाव घेतलं जातं?' वाद संपतो.

तसंच रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे आपल्याला झोपेतही येतं. पण ती पहिली *प्रवासी* गाडी. मद्रासजवळ रेड हिल्स इथे दगड वाहून नेणारी रेल्वे त्याआधी, १८३७ मध्येच धावली होती. 'प्रवासी' हा एक शब्द गाळला की तुमचा प्रश्न चुकतो, आणि ग्रुपमध्ये ते माहीत असणारा एक तरी असतोच. 'पहिला', 'सर्वात मोठा', 'एकमेव' हे शब्द दिसले की थांबून विचारा: कशातला? कुठल्या मोजमापाने? कधीपर्यंतचा?

आणि एक, माझ्या आवडीचा मुद्दा. 'अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव काय?' हा प्रश्न माहीत असेल तर येतो, नाहीतर नाही. तोच मोरगाव-बारामतीवरून विचारला की ज्याला पुस्तक माहीत नाही तो नदीवरून शोधत जातो, आणि ज्याला नदी माहीत नाही तो पुस्तकावरून. उत्तर चुकलं तरी काहीतरी हाती लागतं. शिवाय असा प्रश्न गुगलमध्ये जसाच्या तसा टाकून लगेच उत्तर मिळत नाही.

शिळे प्रश्न

प्रश्नांना एक्सपायरी डेट असते. दुधाच्या पिशवीवर छापलेली असते, प्रश्नावर नसते.

'भारतात राज्यं किती आणि केंद्रशासित प्रदेश किती?' ३० ऑक्टोबर २०१९ ला उत्तर होतं २९ आणि ७. दुसऱ्याच दिवशी जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, उत्तर झालं २८ आणि ९. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले, २८ आणि ८. तीन महिन्यांच्या आत तीन उत्तरं, आणि तिन्ही आजही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर बरोबर म्हणून फिरत आहेत. महाराष्ट्रातले जिल्हे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ३६ आहेत, तरी ३५ वाले पीडीएफ अजून जिवंत आहेत. एव्हरेस्टची उंची डिसेंबर २०२० मध्ये ८८४८.८६ मीटर जाहीर झाली.

सगळ्यात गंमत शनी आणि गुरूची. सर्वाधिक चंद्र कुणाचे? २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे गेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात शनीने त्याला मागे टाकलं, आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळून एकूण आकडा २७४ वर गेला. त्या तीन-चार महिन्यांत कुणी बनवलेला प्रश्न तेव्हा बरोबर होता. आज नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकीला याचा फटका बसला. तिने आमच्याच जुन्या प्रश्नांचा साठा उतरवून घेतला होता आणि सराव परीक्षेत केंद्रशासित प्रदेश ९ लिहून आली. सराव परीक्षा होती म्हणून निभावलं. पण तो प्रश्न मी २०१९ च्या दिवाळीनंतर बनवलेला होता आणि त्यावर तारीख नव्हती. तिने तरी काय करायचं? तेव्हापासून आमच्याकडे तारखेशिवाय आकड्याचा प्रश्न घेतच नाहीत. शक्य असेल तर तारीख प्रश्नातच टाकायची: '२६ जानेवारी २०२० पासून...'. असा प्रश्न शिळा होत नाही.

शिळे झालेले एक, आणि मुळात कधीच बरोबर नसलेले दुसरे. 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' याचं उत्तर हॉकी म्हणून आपण शाळेपासून देत आलो. २०१२ साली माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने सांगितलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. हिंदी ही 'राष्ट्रभाषा' असंही असंच चालत आलंय. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात शब्द आहे संघराज्याची राजभाषा. असे प्रश्न कुणी टाकले तर चिडू नका, मूळ कागद दाखवा.

कोलंबोचं पहिलं नाव

दोन वेबसाइटवर एकच उत्तर दिसलं म्हणजे ते दोनदा तपासलं असं होत नाही. एकाने दुसऱ्याकडून उचललेलं असू शकतं. यावर ट्रिव्हियाच्या दुनियेत एक गाजलेली गोष्ट आहे.

फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७४ मध्ये ट्रिव्हियाचा एक कोश काढला. कुणी आपली माहिती चोरली तर कळावं म्हणून त्याने एक खोटी नोंद मुद्दाम घुसवली: टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव 'फिलिप'. मालिकेत त्याचं पहिलं नाव कधी उच्चारलंच जात नाही. ओळखपत्रावर एके ठिकाणी 'फ्रँक' दिसतं. पुढे 'ट्रिव्हियल पर्सूट' हा बोर्डगेम धडाक्यात खपू लागला आणि त्यात प्रश्न होता, कोलंबोचं पहिलं नाव काय? उत्तर: फिलिप.

वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. गेम बनवणाऱ्यांनी त्याची पुस्तकं वापरल्याचं नाकारलं नाही, पण आपण इतरही बरेच स्रोत वापरले असं सांगितलं. वर्थ हरला, आणि १९८७ मध्ये अपील कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. कारण साधं: तथ्यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी. पहिली, माहिती कुणाच्या मालकीची नाही, पण प्रश्न ज्या शब्दांत रचलाय ते शब्द कुणाचे तरी असतात. एखाद्या पुस्तकातला प्रश्नसंच फोटो काढून जसाच्या तसा टाकू नका. माहिती घ्या, प्रश्न स्वतः लिहा, आणि दुसऱ्या हौशी माणसाचा प्रश्न वापरला तर त्याचं नाव लिहा. 'ओपन ट्रिव्हिया डेटाबेस' नावाचा लोकांनी मिळून बनवलेला इंग्रजी प्रश्नांचा साठा आहे. तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत वापरता येतो, अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि त्यावरून काही बनवलं तर तेही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. विकिपीडियाचीही तीच अट आहे.

दुसरी, एआय. चॅटबॉटला 'महाराष्ट्राच्या भूगोलावर वीस प्रश्न दे' म्हटलं की दहा सेकंदांत मिळतात, आणि त्यातले काही 'फिलिप' असतात. फरक एवढाच की वर्थला आपण खोटं लिहितोय हे माहीत होतं. पर्याय सुचवायला, भाषा सुटसुटीत करायला एआय जरूर वापरा. उत्तर मात्र तुम्ही स्वतः उघडलेल्या पानावरून घ्या.

उत्तर आधी फुटू नये म्हणून

टेलिग्रामवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो आणि टॅप केल्यावरच दिसतो. प्रश्नाखालीच उत्तर द्यायचं असेल तेव्हा हे वापरा.

फोटोवरचा प्रश्न असेल तर फाइलचं नाव बघा. आमच्याकडे एकाने शिखर ओळखायला फोटो टाकला, तो 'डॉक्युमेंट' म्हणून, आणि फाइलचं नाव होतं कळसूबाई-दोन. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत फोटो काढल्याचं ठिकाणही जाऊ शकतं. घरात काढलेला फोटो असेल तर तो तुमच्या घराचा पत्ता झाला. साधा फोटो म्हणून पाठवा.

'तू उत्तर नंतर बदललंस' असा आरोप टाळायचा असेल तर एक इंजिनीअरी युक्ती आहे. उत्तराच्या शेवटी दोन-चार आकडे आणि एखादा भलताच शब्द जोडा, त्या सगळ्याचा एसएचए-२५६ हॅश काढा (त्यासाठी ऑनलाइन टूल्स आहेत) आणि ती ६४ चिन्हांची ओळ प्रश्नासोबत टाका. नंतर मूळ मजकूर उघड केला की कुणीही हॅश काढून ताडू शकतं. तो भलता शब्द हवाच, नाहीतर कुणीही चारही पर्यायांचे हॅश काढून उत्तर ओळखेल. आणि हो, सरांच्या कीबोर्डचा किस्सा इथेही लागू: एक अदृश्य चिन्ह इकडचं तिकडे झालं की पूर्ण हॅश बदलतो. मूळ मजकूर कॉपी-पेस्ट करूनच ताडा.

साठा कसा ठेवायचा

चॅटमध्ये प्रश्न हरवतात. गुगल शीट उघडा आणि प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ करा: प्रश्न, उत्तर, चालतील अशी इतर उत्तरं, स्रोत, तपासल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव. तारखेवर क्रम लावला की सगळ्यात जुने प्रश्न वर येतात, तेवढे महिन्यातून एकदा पुन्हा तपासायचे. आमच्याकडे हे काम आता सरांनी घेतलंय, आणि ते स्रोताच्या रकान्यात पुस्तकाच्या आवृत्तीचं सालही लिहितात.

दुसऱ्या ग्रुपशी देवाणघेवाण करायची तर ही शीट सीएसव्ही फाइल म्हणून पाठवता येते. ती एक्सेलमध्ये थेट उघडली आणि मराठीच्या जागी विचित्र चिन्हं दिसली तर फाइल खराब झालेली नसते. एक्सेलला ती यूटीएफ-८ आहे हे कळलेलं नसतं. डेटा टॅबमधून फाइल आयात करा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा, मराठी जागेवर येते.

शेवटचं, अनोळखी ग्रुपमध्ये जाण्याआधी: टेलिग्रामच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये फोन नंबर कुणालाच दिसणार नाही असं करून ठेवा. 'क्विझ खेळा, फोन जिंका' म्हणत कुणी ॲपची फाइल पाठवली तर ती टाकू नका. आणि 'तुमची पहिली शाळा कोणती', 'आईचं माहेरचं आडनाव काय' असे 'मजेदार' प्रश्न आले तर ते जीके नाही, बँकेच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं गोळा करणं आहे. तिथून बाहेर पडा आणि ग्रुप रिपोर्ट करा.